पिळताना बघते तुला

नगारा आणि टिमकी ही काही मुलांची खरी नावं नव्हती. त्यांचा बाप लांबच्या मार्गावरची बस चालवायचा. आठवड्यातून एखादा दिवस घरी असायचा, आणि त्या एका दिवसात कानांवर जे काही आदळलं त्यावरून त्यानेच ही नावं ठेवली. मोठा नगारा, कारण तो रडायला लागला की शेजारच्या इमारतीतली माणसं खिडकीत यायची. धाकटी टिमकी, कारण तिचा आवाज लहान होता पण थांबत म्हणून नसे. नावं ठेवून बाप पुन्हा बस घेऊन गेला. आवाज आईच्या वाट्याला आले.

आई वीज कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसायची. कामात ती तरबेज होती. समोरचा माणूस कितीही तापून आलेला असो, ती शांतपणे विचारायची, "काय झालं? कधी झालं? सुरुवात कशी झाली?" तेवढ्यानेच तो अर्धा निवायचा. आपलं कोणीतरी ऐकून घेतंय, हेच लोकांना पुरेसं असतं असं तिचं मत होतं. वीज काय, येते उद्या-परवा.

घरीही तिने तीच पद्धत लावली होती. मुलं भांडली की ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची आणि दोघांना रांगेत उभं करायची. "एकेकाने बोला. आधी तू. ती बोलत असताना मध्ये बोलायचं नाही. आता तू. बरं, सुरुवात कोणी केली?" मग निकाल. आपण मुलांना मारत नाही, ओरडत नाही, दोघांना सारखा न्याय देतो, याचा तिला मनातून अभिमान होता. आणि अभिमान वाटावा अशीच गोष्ट होती, फक्त तिचा उपयोग होत नव्हता. मुलं दिवसेंदिवस भांडण्यात नाही, तर तक्रार करण्यात पटाईत होत चालली होती. नगारा मागच्या महिन्यातली प्रकरणं उकरून काढायचा. टिमकी बाही वर करून दातांचे व्रण दाखवायची, आणि त्यातले काही तिचे स्वतःचेच असायचे.

शाळा सुटल्यावर मुलं समोरच्या दारातल्या आजींकडे थांबायची. एका संध्याकाळी आजींनी हात टेकले. "मुली, मी आयुष्यात पोरं पुष्कळ सांभाळली," त्या म्हणाल्या. "खटले सांभाळायची मला सवय नाही. उद्यापासून तुझं तू बघ."

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. दुसरा इलाज नव्हता, तेव्हा आईने दोघांना कार्यालयात नेलं, मागच्या बाकावर बसवलं, चित्रं काढायला कागद दिले. तासभर बरा गेला. मग खिडकीसमोरच्या रांगेत एक छोटं डोकं पुढे पुढे सरकताना दिसू लागलं. टिमकी आपला नंबर लावून, निमूटपणे, मोठ्या माणसांच्या मध्ये उभी होती. खिडकीपाशी पोचल्यावर तिने टाचा उंचावल्या आणि म्हणाली, "माझ्या भावाने माझी पट्टी मोडली. काल संध्याकाळी. सुरुवात त्याने केली." रांगेत हशा पिकला. तिच्या मागे चार माणसं सोडून नगारा उभा होता, त्याची उलटतपासणी तयार होती. सगळे हसले, साहेब मात्र हसले नाहीत.

"बाई, मुलं गोड आहेत," साहेब म्हणाले, "पण उद्यापासून ती इथे दिसता कामा नयेत. नाही जमलं तर तुम्हाला सकाळच्या अर्ध्या कामावर घालावं लागेल." अर्धं काम म्हणजे अर्धा पगार. घरचं गणित आधीच कसंबसं बसत होतं. त्या संध्याकाळी ती मुलांचे हात दोन्हीकडे धरून घरी आली, आणि वाटेत पहिल्यांदाच तिला वाटलं की दोघांना एकेक सणसणीत ठेवून द्यावी. हात उचलला गेला नाही, पण उचलला जाऊ शकतो हे तिला कळलं, आणि ती घाबरली.

गल्लीच्या कोपऱ्यावर घडीमावशींची लाँड्री होती. हे नावही खरं नव्हे, गल्लीने दिलेलं. मावशी अंगाने आडव्या, बोलायला मोजक्या, आणि त्यांनी घातलेली घडी महिनाभर कपाटात राहिली तरी कडेला रेषभर हलत नसे. पुढच्या खोलीत इस्त्रीचं लांबलचक टेबल, मागे फरसबंद अंगण, अंगणात हौद आणि तारेच्या दोऱ्या. चौकापलीकडच्या लॉजच्या सगळ्या चादरी त्यांच्याकडे यायच्या. मावशींचा उजवा खांदा बरीच वर्षं धरलेला, हात छातीच्या वर जात नसे. त्यांच्या हाताखालची बाई नुकतीच काम सोडून गेली होती. आई इस्त्रीचे कपडे न्यायला थांबली आणि तिथेच, कोणाला सांगायचं नाही असं ठरवलेलं सगळं, भडाभडा बोलून बसली.

मावशींनी इस्त्री उभी केली. दारात एकमेकांच्या पायावर पाय देत उभ्या असलेल्या दोघांकडे नीट पाहिलं.

"पाठवा माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "शनिवारपर्यंत बघू. पण आधीच सांगते, माझ्याकडे न्याय मिळत नाही. काम मिळतं."

"म्हणजे?" आईने विचारलं.

"म्हणजे कपड्यांचं असतं तसलं काम," मावशी म्हणाल्या आणि इस्त्री पुन्हा फिरू लागली.

पहिल्या संध्याकाळी मुलं परत आली तेव्हा त्यांच्या अंगाला साबणाचा वास येत होता आणि बोटांची टोकं सुरकुतली होती. दोघांनी पानातलं सगळं संपवलं. आईने सहज विचारल्यासारखं विचारलं, "भांडलात?"

"हो," नगारा म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही."

आईचे कान टवकारले. काही नाही म्हणजे काय? ज्या मुलाला मागच्या महिन्यातला चिमटा आठवतो, त्याच्या तोंडी "काही नाही"? पण पोरगा डुलक्या खात होता. तिने तो प्रश्न पोटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी उशीवरून जुंपली. तिरक्या डागाची एक उशी होती, दोघांनाही तीच हवी असायची. नगाऱ्याने ती हिसकावली, टिमकीने त्याचे केस धरले. आई हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आली, तोंडात "सुरुवात कोणी" हे शब्द तयारच होते. तेवढ्यात टिमकीने स्वतःहून केस सोडले आणि दात-ओठ खात म्हणाली, "आत्ता नाही. उद्या पिळताना बघते तुला!"

"बघ की," नगारा म्हणाला. "मीच बघतो."

आणि दोघं खाली बसली. उशी मध्ये पडून राहिली. आई दारात उभीच. खिडकी उघडून बसावं आणि रांगेत चिटपाखरूही नसावं, असं तिला झालं. पिळताना म्हणजे काय? कोणाला पिळणार? तिच्या डोळ्यांसमोर नको नको ते आलं. ती जाडजूड हातांची बाई, ते मागचं बंद अंगण. "मावशी मारतात का रे?" तिने हळूच विचारलं. दोघांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू आईला काही म्हणजे काहीच कळत नाही.

तिसऱ्या दिवशी तिला राहवेना. खिडकीवर एक गृहस्थ मीटरबद्दल सांगत होते आणि तिने लिहून घेतलं "चादर". सकाळी मुलांना शाळेत सोडून येताना तिने मावशींनाच गाठलं. "तुम्ही नेमकं करता तरी काय हो?"

"कपडे धुते," मावशी म्हणाल्या.

शुक्रवारी वीज कार्यालयातलीच वीज गेली. लोकांनी रांगेत उभं राहून त्यावर जे विनोद केले ते इथे सांगण्यासारखे नाहीत. दुपारनंतर साहेबांनी सगळ्यांना घरी पाठवलं. आई तडक लाँड्रीच्या मागच्या बाजूला गेली. अंगणाचं फाटक लोटलेलं होतं. आत ओळीने चादरी वाळत होत्या. चोरासारखी ती शेवटच्या चादरीआड जाऊन उभी राहिली आणि कडेने एक डोळा बाहेर काढला.

मुलं चिमट्यांची टोपली कोणी धरायची यावरून भांडत होती. आईला ते भांडण घरातल्यासारखंच वाटलं, तेच शब्द, तीच चढती पट्टी. नगाऱ्याने टिमकीच्या दंडावर फटका मारला आणि दुसऱ्यासाठी हात उचलला. मावशी धावल्या नाहीत, पण होत्या तिथून आल्या आणि त्याचं मनगट धरलं. ओढलं नाही, पिरगाळलं नाही. नुसतं धरून उभ्या राहिल्या, हाताची मूठ सैल होईपर्यंत. त्याला वेळ लागला. त्या तेवढा वेळ थांबल्या.

"हात मारायला नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण त्या वाक्यात पुढे बोलायला जागाही नव्हती.

"मावशी, यानेच आधी..." टिमकीने सूर लावला.

"ते मी ऐकणार नाही. लागलं का? दाखव." त्यांनी तिचा दंड पाहिला, ओल्या फडक्याने पुसला, वर फुंकर घातली. मग दोन स्टुलांकडे बोट केलं. एक हौदाजवळ, एक दाराजवळ. "माझा हा कपड्यांचा ढीग आवरेपर्यंत."

दोघं जाऊन बसली. आई चादरीआड ओठ चावत होती. सुरुवात कोणी केली ते विचारलंच नाही! मारणाऱ्यालाही स्टूल, मार खाणारीलाही स्टूल! हा कुठला न्याय? मग तिला आठवलं, न्याय मिळत नाही असं बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं.

ढीग आवरला. "चला, चादर," मावशी म्हणाल्या. माझा खांदा असा आहे म्हणून, किंवा तुम्हाला शिक्षा म्हणून, असं काही सांगितलं नाही. एकेकाला दोन टोकं दिली. चादर मोठी, मुलं लहान. दोघांनी हात उंच ताणून ती जमिनीपासून वर धरली, झटकली, अर्धी केली. मग एकमेकांकडे चालत यायचं आणि टोकं जुळवायची. नगारा घुम्यासारखा चालत होता. दोनच पावलं टाकल्यावर त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, त्याने आपली टोकं सोडून दिली. टिमकी ताणून उभी होती, ती धपकन मागे बसली. चादर हौदाच्या कडेच्या चिखलात गेली.

आता आईचा संयम संपला. ती चादरीआडून बाहेर आली आणि कडाडली, "कोणी सोडलं टोक?"

खरं तर तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं कोणी सोडलं ते. पण सवय ती सवय. आणि तिला पाहताच दोन्ही मुलांचं तोंड फुटलं. नगाऱ्याने टोपलीपासून सुरुवात केली, टिमकीने पट्टीपासून. तिने पडून लागलेला पाय दाखवला, त्याने केस दाखवले. आई दोघांच्या मध्ये उभी राहून "एकेकाने, एकेकाने" म्हणत होती आणि चादर चिखलात पडलेली होती, तिच्याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं.

मावशी आल्या. त्यांनी आईच्या मनगटाला हात लावला.

"बाई," त्या म्हणाल्या, "तुम्ही त्या स्टुलावर बसा."

"मी?"

"दाराजवळच्या."

तक्रारींच्या खिडकीवर तिने भलेभले गप्प केले होते. पण त्या क्षणी तिचे पाय आपोआप स्टुलाकडे वळले. ती बसली. मुलांनी ते पाहिलं आणि दोघंही एकदम गप्प झाली. आईला स्टूल मिळालं म्हणजे प्रकरण फारच गंभीर होतं.

"चादर मळली," मावशी म्हणाल्या. "मळली की काय करतात?"

"धुतात," टिमकी म्हणाली.

"ज्याच्या हातून सुटली तो धुईल."

नगाऱ्याने एकदा आईकडे पाहिलं. आईने महत्प्रयासाने तोंड बंद ठेवलं. तो हौदापाशी गेला, बाह्या वर केल्या, आणि साबण लावू लागला. त्याला कोणी बोललं नाही. मावशी दुसऱ्या कामाला लागल्या. टिमकी सुटी होती, तिने इकडे तिकडे फिरून घेतलं, एक चिमटा बोटाला लावून पाहिला. नगाऱ्याने चादर खळखळून काढली आणि ती पिळायला घेतली, तेव्हा अडलं. भिजलेली चादर त्याच्याहून जड होती. एक टोक पिळावं तर दुसरं खाली लोळायचं. तो घामाघूम झाला. मदत मागायला त्याचं तोंड उघडेना. मावशींनीही कोणाला हाक मारली नाही. आई स्टुलावर नखं कुरतडत बसली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिने आपल्या मुलांकडे काही न बोलता इतका वेळ पाहिलं.

टिमकीने चिमटा काढून ठेवला. जाऊन चादरीचं दुसरं टोक धरलं. "मी डावीकडे," ती म्हणाली.

"मग मी उजवीकडे."

आणि मग आईला कळलं. घडी घालताना एकमेकांकडे चालावं लागतं, पण पिळताना दोघांनी उलट दिशांनीच जोर लावायचा असतो. एकाच बाजूला पिळलं तर पाण्याचा थेंब पडत नाही. मुलांनी पाय रोवले, चेहरे लाल केले, आणि इतका वेळ साठवून ठेवलेलं सगळं काढलं.

"तू माझी पट्टी मोडलीस!" टिमकीने पीळ दिला.

"तू माझे केस ओढलेस!" नगाऱ्याने दिला.

"तू मला पाडलंस!"

"तू उशी... तू ती उशी!"

दर आरोपाला चादरीतून पाण्याची धार लागत होती. चादर दोरखंडासारखी घट्ट झाली, मधोमध गाठ वळली, आणि सगळं पाणी टिमकीच्या चपलांत गेलं. ती किंचाळली. नगारा खो खो हसायला लागला. मग तीही. आरोप संपले होते की नाही कोण जाणे, पण पाणी संपलं होतं. दोघांनी चादर उलगडली आणि डाव्या हाताने दोरी खाली ओढून धरायला मावशींना बोलावलं.

मुलं चिमटे लावत होती तेव्हा मावशी आईजवळ आल्या. "उठलात तरी चालेल आता," त्या म्हणाल्या.

आई उठली नाही. "हे कुठे शिकलात?"

मावशी हौदाच्या कडेवर टेकल्या. "आम्ही चार भावंडं. आई कपडे धुवायची, चार घरांचे. तिला ऐकू येत नव्हतं, अगदी लहानपणापासून. मग तक्रार करणार कोणाकडे? आम्ही घसा फोडून ओरडलो तरी तिला आमची नुसती तोंडं हलताना दिसायची. तिला हात मात्र दिसायचे. हात उचलला की ती येऊन धरायची. सैल होईपर्यंत सोडायची नाही. आणि सोडताना त्या हातात काहीतरी द्यायची. बादली, चिमटा, चादरीचं टोक."

"चांगलं होतं की मग," आई म्हणाली. तिला स्वतःच्या तीन प्रश्नांची लाज वाटू लागली होती. "उगाच ऐकत बसते मी."

"तसं नाही हो," मावशी लगेच म्हणाल्या. "भांडणाचं तिने ऐकलं नाही ते बरंच झालं. पण आम्हाला बाकीचंही सांगायचं असायचं. मला शाळेत काय झालं, कोणती मैत्रीण रुसली, रात्री कसली भीती वाटते. ते सगळं मनातच राहिलं. चादरीचं टोक हातात घेऊन कितीदा वाटायचं, हिला आत्ता ऐकू यावं." त्या उठल्या, पदराला हात पुसले. "तुम्हाला ऐकू येतं. मुलांचं नशीब आहे ते."

शेवटी आईने तेच विचारलं ज्याची तिला आठवडाभर धास्ती होती. "शनिवारनंतर काय? ठेवाल ना मुलांना?"

"मुलं राहतील," मावशी म्हणाल्या. "तुमचं बघू."

त्या संध्याकाळी घर शांत होतं. मुलांनी त्यांचं त्यांचं आवरलं. उशीवरून काहीतरी कुरबुर झाली आणि उद्यावर ढकलली गेली. आई स्वयंपाकघरात खाली बसून बटाटे सोलत होती. इतकी शांतता तिने किती दिवस मागितली होती. आणि आता ती मिळाली, तर त्या घरात आपल्याला कोणी विचारत नाही असं तिला वाटू लागलं. मुलं भांडत होती तेव्हा निदान तिच्यासमोर येऊन उभी तरी राहायची.

दारात पायांची चाळवाचाळव ऐकू आली. टिमकी उंबऱ्यावर उभी होती, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. कार्यालयातली माणसं रांगेत उभी राहतात तशी.

"काय झालं?" आई म्हणाली. "त्याने काही केलं का?"

टिमकीने मान हलवली. "नाही. तक्रार नाहीये."

"मग?"

टिमकीने उंबऱ्याकडे बघत विचारलं, "तक्रार नसली तर येऊ नको का?"

आईच्या हातातली सुरी थांबली. मागच्या सगळ्या संध्याकाळी तिच्यासमोरून गेल्या. दातांचे ते खोटे व्रण, उकरून काढलेली जुनी प्रकरणं, उंचावलेल्या टाचा. या मुलांना तिच्याजवळ यायचा एकच रस्ता माहीत होता, आणि तो तिनेच घालून दिला होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवावं असं तिला वाटलं नाही.

टिमकीच्या मागे, भिंतीला टेकून, नगाराही उभा होता. "माझा नंबर दुसरा आहे," तो म्हणाला. "मला पण नुसतंच सांगायचंय. शाळेतलं."

आईने बटाट्यांचं भांडं बाजूला सारलं आणि दोन्ही बाजूंना जागा केली. "रांग मोडा रे," ती म्हणाली. "दोघंही या."